केशरोपणानंतर डोक्याच्या त्वचेची निगा आणि खानदेशातील ऊन

केशरोपणाची शस्त्रक्रिया सहा-आठ तासांत आटोपते, मात्र लावलेले केस धरतील की नाही हे पुढच्या दहा दिवसांत त्वचेची निगा कशी राखली जाते यावर बरेच अवलंबून असते. आणि जळगाव-धुळ्याकडील अनेक जण ही शस्त्रक्रिया नाशिक, पुणे, मुंबई किंवा सुरत येथे करवून लगेच घरी परतत असल्यामुळे हे दहा दिवस खानदेशच्या उन्हात आणि खानदेशच्या पाण्यावरच काढावे लागतात.

या शस्त्रक्रियेत डोक्याच्या मागच्या व बाजूच्या भागांतून केसांची मुळे त्वचेच्या बारीक तुकड्यासह काढून टक्कल पडलेल्या भागातील सूक्ष्म छेदांत बसवतात. एक ते चार केस धारण करणाऱ्या अशा तुकड्याला ग्राफ्ट म्हणतात. मागचा केस पुढे लावला तरी तो आपला टिकाऊपणा सोडत नाही, हे अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ओरेंट्रिक यांनी 1959 साली मांडले आणि आजची पद्धत त्याच तत्त्वावर उभी आहे. आरंभी ग्राफ्टला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. गोठलेल्या रक्तातील फायब्रिन नावाचे चिकट तंतू त्याला छेदात धरून ठेवतात आणि नव्या रक्तवाहिन्या पुढच्या काही दिवसांत जोडल्या जातात. बर्नस्टीन व रासमन या अमेरिकी डॉक्टरांनी 2006 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले, की पहिले दोन दिवस नुसता केस ओढला तरी ग्राफ्ट निघू शकतो, चिकटलेली खपली ओढल्यास पाचव्या दिवसापर्यंत तो हमखास निघतो, आणि नवव्या दिवसापासून मात्र ही भीती उरत नाही. खपली नखाने काढू नये, या सूचनेमागचे कारण एवढेच आहे.

डोके पहिल्यांदा केव्हा धुवायचे ते शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर ठरवतो. बहुधा ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सांगितले जाते. सौम्य शाम्पूचा फेस तळहातावर करून तो नुसता टेकवावा, चोळू नये, आणि काही मिनिटांनी मगमधील पाणी आपल्या हातावर पाडून त्याचा जोर मोडून मग डोक्यावर सोडावे. शॉवरची धार थेट घेऊ नये. धुतल्यावर ग्राफ्टच्या जागी टॉवेल न फिरवता ती वाऱ्यावर सुकू द्यावी. ज्या वस्त्यांत नळाला काही दिवसांआड पाणी येते तेथे साठवलेले पाणी उकळून, गार करून वापरणे बरे. गच्चीवरील काळ्या टाकीचे पाणी मे महिन्याच्या दुपारी चटका बसण्याइतके तापते, आणि शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे डोक्याची त्वचा बधिर राहत असल्याने तो चटका डोक्याला जाणवतच नाही. म्हणून पाणी आधी मनगटावर घेऊन पाहावे.

उन्हाळ्यात जळगाव-भुसावळचा पारा 45 अंशांच्या आसपास जातो. बाहेर पडताना डोक्याला रुमाल किंवा उपरणे गच्च गुंडाळण्याची इकडची रीत एरवी शहाणपणाची आहे, पण ताज्या ग्राफ्टवर तोच रुमाल घासतो, घामाने ओला होतो आणि खपल्यांना चिकटतो. हेल्मेटचेही तसेच. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर सैल टोपी वापरावी, तोपर्यंत दुपारी घरात थांबावे आणि दुचाकी दुसऱ्याच्या हाती द्यावी. सुरत-भुसावळ मार्गाने परतताना वरचा बर्थ घेऊ नये, कारण छताला डोके आपटण्याची जागा तीच. घरी काही रात्री उशा रचून अर्धवट बसत्या स्थितीत झोपावे; बधिर करण्यासाठी टोचलेले द्रव कपाळाकडे व पापण्यांकडे उतरून तिसऱ्या दिवसाच्या सुमारास चेहरा सुजतो, तो अशाने कमी सुजतो. विडी सोडून तंबाखू मळणाऱ्यांनी या काळात स्वतःची समजूत घालून घेऊ नये, कारण निकोटिन दोन्हींतही असते आणि ते रक्तवाहिन्या आकुंचित करते.

दुसऱ्या आठवड्यापासून लावलेले केस गळू लागतात आणि पहिल्या दीड महिन्यात त्यांतील बहुतेक गळून जातात. मूळ त्वचेत शाबूत असते, केस तेवढा झडतो. नवे केस तिसऱ्या-चौथ्या महिन्यात दिसू लागतात आणि पूर्ण परिणामाला सुमारे वर्ष लागते. हे ठाऊक नसल्याने घरोघरी कांद्याचा रस, एरंडेल आणि हळदीचा लेप बाहेर निघतो. अर्धवट भरलेल्या त्वचेला हे उपाय खाज, पुरळ आणि कधी जंतुसंसर्गही देतात. दिवाळीत शस्त्रक्रिया करून तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्तावर बोहल्यावर चढू पाहणाऱ्याने हा हिशेब आधी मांडलेला बरा, कारण फोटो नेमके केस गळण्याच्या दिवसांत निघतात. हिवाळ्याचा आरंभ निवडावा, मात्र लग्न पुढच्या वर्षीचे धरावे.

रोपण केलेली त्वचा काळी पडू लागली, पू आला, ताप चढला किंवा वेदना कमी होण्याऐवजी वाढल्या, तर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना त्याच दिवशी कळवावे. ते दूर असल्यास धुळ्याच्या श्री भाऊसाहेब हिरे किंवा जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय गाठावे आणि शस्त्रक्रियेचे कागद व औषधांची चिठ्ठी सोबत न्यावी. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने 2022 साली स्पष्ट केले आहे, की नुसते व्हिडिओ वा कार्यशाळा पाहून कोणी केशरोपण करू नये. सल्लाही अशांकडून घेऊ नये.

न्हाव्याकडे जाण्याचीही घाई नको. कात्री साधारण महिन्याने, डॉक्टरांच्या संमतीने चालते. मशीन, वस्तरा आणि सलूनमधील तेलाची चंपी यांना काही महिने थांबावे लागते. त्या अवधीत घरात दुःखद प्रसंग येऊन दशक्रियेला केशवपनाची वेळ आली, तर वडीलधाऱ्यांना व गुरुजींना शस्त्रक्रियेची कल्पना आधीच द्यावी, आणि रोपण केलेल्या भागावरून वस्तरा फिरवू देऊ नये.