जुन्या कंप्युटरचा प्रोसेसर बदलताना



आमच्या ग्रामसंघाच्या ऑफिसात 2012 साली घेतलेला कंप्युटर आहे. चौदा गटांची बचत, कर्ज, हप्ते सगळं त्यात. एक्सेल आणि बँकेची साइट एकदम उघडली की तो अडून बसायचा. दुकानदार म्हणाला, "भंगारात द्या, नवा घ्या." नवा म्हणजे पंचवीस हजार. तेवढ्यात एखाद्या ताईला शेळ्यांसाठी कर्ज देता येतं. बैठकीत ठरलं, आधी दुखणं कुठं आहे ते बघू.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणं एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. मेमरी भरलेली दिसली तर रॅम वाढवा. डिस्क शंभर टक्क्यांवर असेल तर एसएसडी बसवा. ही दोन्ही कामं आम्ही आधीच केली होती. आता शंभरवर होता तो सीपीयू, म्हणजेच प्रोसेसर. आमचा होता पेंटियम जी 620, दोन कोरचा.

इथं आम्ही चुकलो. "आय-फाइव्ह द्या," एवढंच सांगून जुना प्रोसेसर आणला. तो निघाला चौथ्या पिढीचा, 1150 सॉकेटचा. आमच्या बोर्डाचं सॉकेट 1155. कडेच्या खाचा जुळेनात. सचिव ताई ओरडल्या, "जोर लावू नका गं!" लावला असता तर बोर्डावरच्या केसासारख्या पिना वाकल्या असत्या. परत करताना दोनशे रुपये कापले गेले. तेव्हा नुसतं नाव सांगू नका. सॉकेटचा नंबर आणि बोर्डाच्या कंपनीची यादी बघा.

मग त्याच पिढीचा आय-फाइव्ह 2400 मिळाला, चार कोरचा, वापरलेला, बाराशे रुपयांना. तो पहिल्यापेक्षा जास्त तापतो, म्हणून पंखाही मोठा घेतला.

आधी सगळा हिशेब पेनड्राइव्हवर घेतला. वायर काढली, लोखंडी डब्याला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवली. जुना पंखा काढला. खटका उघडून जुना प्रोसेसर उचलला, नवा खाचा जुळवून अलगद ठेवला आणि खटका लावला. वर तुरीच्या दाण्याएवढी थर्मल पेस्ट. पंख्याचे चार पाय समोरासमोरचे जोडीनं, खट्ट आवाज येईपर्यंत दाबले. पंख्याची वायर जोडायला विसरू नका.

आता महिन्याचा ताळेबंद आम्ही बसल्या बैठकीत काढतो. पण एक खरं सांगतो. एवढं करूनही हा कंप्युटर विंडोज 11 च्या नियमात बसत नाही, आणि विंडोज 10 चा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. म्हणून बँकेचं काम आता आम्ही दुसरीकडे करतो. यावर फक्त हिशेब आणि इतिवृत्त.

पंखा धरून दीड-दोन हजारांत भागलं. उरलेल्या पैशांतून कर्ज कुणाला द्यायचं, ते पुढच्या बैठकीत ठरेल. तुमच्या गटातही कुणी "टाकून द्या" म्हणालं, तर आधी डबा उघडून बघा.