करवतीआधी एक फेरी

पावसाळा तोंडावर आला की मुंबईत रस्त्याकडेच्या झाडांची छाटणी सुरू होते. जाणकार छाटणीवाला मात्र आधी करवत उचलत नाही; तो झाडाभोवती फेरी मारतो. बुंध्याशी अळंबी उगवली आहे का, खोड ठोकल्यावर पोकळ वाजते का, विजेची तार किती जवळ आहे? कुजलेल्या खोडाला दोर बांधून चढणे धोक्याचे, तिथे हायड्रॉलिक शिडीची गाडीच हवी. चिंचोळ्या गल्लीत ती शिरत नाही, ही पुढची पंचाईत.

मनगटाएवढ्या फांदीला हातकरवत पुरते. यंत्रकरवतीच्या पात्याचे टोक लाकडाला अडले, तर ती क्षणात उसळून चालवणाऱ्याच्याच अंगावर येते. उंचावर ती एका हाताने चालवणे हा निव्वळ आगाऊपणा.

अमेरिकी वनसेवेतले शास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो झाडे चिरून आतली रचना तपासली. माणसाच्या कातडीसारखी झाडाची जखम भरून येत नाही. झाड आतून जणू भिंती घालून कुजलेला भाग वेगळा पाडते. ही भिंत फांदीच्या बुडाशी उभी राहते, म्हणून तिथला फुगीर कंगोरा राखूनच कापायचे. जड फांदीला तीन काप: पहिला खालून अर्धवट, दुसरा थोडा पुढे वरून, आणि उरलेल्या खुंटाला तिसरा, कंगोऱ्याच्या बाहेर. पहिला काप टाळला, तर कोसळणारी फांदी खोडाची साल सोलत खाली येते.

आणि कापावर डांबर? सवयीने अजून फासतात, पण त्याने कूज थांबत नाही.