नवा अभ्यासक्रम मागण्यापूर्वी
(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



सुवर्णमहोत्सवानिमित्त न्यासाने पांढरकवड्यात एखादा नवा पदवी अभ्यासक्रम सुरू करण्यास साहाय्य करावे, अशी सूचना पुढे आली आहे. आहार, औषध, अभय आणि ज्ञान या चार दानांची परंपरा सांगणाऱ्या आपल्या समाजाला ती भावली, यात नवल नाही. मलाही भावली. परंतु मी कापडाचा व्यापारी; गिऱ्हाईक कोण हे ठरल्याशिवाय माल भरत नाही.

आपला तालुका संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या कक्षेत येतो. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियमानुसार नवा अभ्यासक्रम विद्यापीठाच्या बृहत् आराखड्यात बसावा लागतो. महाविद्यालयाने आदल्या वर्षीच्या सप्टेंबरअखेर प्रस्ताव द्यावयाचा, अधिष्ठाता मंडळाने छाननी करावयाची, व्यवस्थापन परिषदेच्या मान्यतेने तो शासनाकडे जावयाचा, परवानगी शासनाची. शिकवावयाचे काय, हे अभ्यास मंडळ व विद्या परिषद पाहतात. इतक्या चाळण्यांतून आलेले धान्य निवडलेलेच असणार, असा आपला समज होतो.

दिवाळीच्या गर्दीत आमच्या दुकानी मदतीस येणारा एक हुशार मुलगा परगावी संगणकाची पदवी घेत होता. पहिल्या वर्षी नवी कोरी प्रयोगशाळा पाहून तो हरखला. तिसऱ्या वर्षी शिकवणारेच उरले नाहीत. विनाअनुदान तत्त्वावर, तासिकेच्या तुटपुंज्या मानधनावर माणूस टिकावा कसा? मुलाने शिक्षण अर्धवट सोडले. वडिलांनी कापूस विकून भरलेले शुल्क गेले. त्या अभ्यासक्रमाची परवानगी कागदोपत्री अगदी चोख होती.

दुसरे उदाहरण अलीकडचे. बीबीए, बीसीए हे अभ्यासक्रम २०२४-२५ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले व आपल्या राज्यात त्यांना सामाईक प्रवेश परीक्षा लागू झाली. तेव्हा काही महाविद्यालयांनी अभ्यासक्रमाचे नावच बदलले. तागा तोच, शिक्का नवा! आमच्या धंद्यात याला काय म्हणतात, ते या व्यासपीठावरून सांगत नाही.

आपला परिसर कापसाचा. जवळच टिपेश्वर अभयारण्य. एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय याच गावी, कारण भोवती कोलाम व गोंड बांधवांची वस्ती आहे. त्यांच्या मुलामुलींना पुढे काय शिकावेसे वाटते, हे आपल्यापैकी कोणी विचारले आहे काय? मीही विचारलेले नाही, हे प्रांजळपणे कबूल करतो.

म्हणून माझी विनंती अशी की प्रस्ताव एक वर्ष थांबवावा. दरम्यान तालुक्यातील बारावीच्या वर्गांत जाऊन विचारपूस करावी आणि प्रथम प्राध्यापकांच्या वेतनासाठी स्वतंत्र निधी उभारावा. इमारतीला देणगीदार मिळतात, कारण तिच्यावर नावाची पाटी लागते. वेतनाला पाटी लागत नाही, तेव्हा हे काम जड जाणार.

एका प्राध्यापकाचे पहिल्या वर्षाचे पूर्ण वेतन मी देईन. आकडा विश्वस्तांनी कळवावा.

जय जिनेंद्र.