गुडघा दुखतोय? खुबाही तपासा

श्रीगोंदा तालुक्यातल्या पालकांशी आज मुलांच्या खुब्याविषयी बोलूया.

दहा ते सोळा वर्षांचं मूल लंगडतं, गुडघा दुखतो म्हणतं. आपण गुडघ्याला तेल चोळतो. पण या वयात कधीकधी मांडीच्या हाडाचं डोकं वाढीच्या थरावरून सरकतं आणि वेदना मात्र गुडघ्यात जाणवते. अशा वेळी मुलाला चालवू नका, लगेच खुब्याचा एक्स-रे काढून घ्या. थोडंच सरकलेलं असताना स्क्रू बसवला, तर खुबा बहुधा अनेक दशकं साथ देतो. उशीर झाला, रक्तपुरवठा तुटला, तर तरुणपणीच सांधा झिजतो.

खुब्याचा दुसरा दोष उथळ उखळीचा, म्हणजे मांडीच्या हाडाचं डोकं ज्या खोबणीत बसतं तिचा. स्वित्झर्लंडच्या बर्न शहरात डॉ. राइनहोल्ड गांझ यांनी १९८४ मध्ये उखळीभोवतीचं हाड कापून ती योग्य दिशेला फिरवण्याची शस्त्रक्रिया सुरू केली. तिथल्या पहिल्या रुग्णांचे सुमारे ६० टक्के मूळ सांधे २० वर्षांनीही टिकून होते. ३० वर्षांनी जवळपास एक तृतीयांश खुब्यांत ना झीज वाढली होती, ना कृत्रिम सांधा लागला होता. झीज होण्याआधी, कमी वयात शस्त्रक्रिया झालेल्यांना अधिक लाभ झाला.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत मोफत तपासणी करतं. त्या दिवशी मुलाला शाळेत पाठवाच. लंगडणं दिसलं, तर पथकाची वाट न पाहता ग्रामीण रुग्णालय गाठा. आणि शस्त्रक्रियेनंतर दुखणं थांबलं, तरी वाढ पूर्ण होईपर्यंत फेरतपासणी चुकवू नका.