भाव तिकडे राखला, इकडे पाडला
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



अमेरिकेच्या टेक्सास राज्यात लिन नावाची काउंटी आहे. आपला तालुका म्हणा ना. पाऊस बेताचा, पिके कापूस आणि ज्वारी, पुष्कळशी जमीन आपल्यासारखीच कोरडवाहू. पण २००२ च्या कायद्याने तिथल्या रुईला पौंडामागे ७२.४ सेंट लक्ष्यभाव ठरवून दिला. बाजार पडला, की फरकाचा मोठा वाटा सरकार भरणार. मग पेरा कशाला हटेल? गाठी जगाच्या बाजारात येतात आणि भाव आपला पडतो.

ब्राझीलने २००२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत दावा लावला. २००५ मध्ये अपीलही जिंकले. २०१४ मध्ये अमेरिकेने ३० कोटी डॉलर देऊन तडजोड केली. पैसे ब्राझीलला, यवतमाळला छदामही नाही. २०१८ मध्ये अमेरिकेचा कापूस पुन्हा अनुदानाच्या यादीत आला.

आणि आपले सरकार? मार्च २०१२ मध्ये निर्यात बंद केली. ऑगस्ट २०२५ मध्ये, वेचणी तोंडावर असताना, आयातीवरचे ११ टक्के शुल्क वर्षअखेरपर्यंत माफ केले. तिकडे सरकार शेतकऱ्याच्या पदरात टाकते, इकडे पदरातले काढून घेते. उणे सबसिडी म्हणतात ती हीच.

लिनच्या शेतकऱ्याशी आपले वैर नाही. त्याच्यासारखी सबसिडीही मागत नाही. सबसिडीच्या रुईवर शुल्क ठेवा, आमची निर्यात अडवू नका, चढता भाव पाडू नका. एवढे करा; मेहेरबानी नको.