आहाकिस्ता : एक स्मृतियात्रा

(श्रींच्या वर्धापनोत्सवानिमित्त देवस्थानच्या सभामंडपात दिलेले व्याख्यान)



कारकुनी पेशात आयुष्य वेचलेल्या माझ्यासारख्या माणसास या सभामंडपात बोलण्याची आज्ञा झाली, हा मी श्रींचा प्रसादच समजतो. आपण यात्रेस जातो ते देवदर्शनासाठी. परंतु गेलेल्या माणसाच्या स्मरणासाठी सहकुटुंब समुद्रापलीकडे जाणे, हीदेखील यात्राच होय. अशी एक यात्रा गेली चाळीस वर्षे आयर्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर, आहाकिस्ता नावाच्या लहानशा गावी भरत आली आहे. तिच्याविषयी चार शब्द सांगावेत, असा मानस आहे.

२३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचे ‘कनिष्क’ विमान कॅनडातील माँट्रियलहून लंडनमार्गे दिल्ली व मुंबईकडे येत होते. आयर्लंडच्या किनाऱ्यापासून काही अंतरावर, सुमारे ३१,००० फूट उंचीवर असताना, सामानात दडविलेल्या बॉम्बचा स्फोट झाला आणि विमान अटलांटिक महासागरात कोसळले. आतील ३२९ जणांपैकी एकही वाचला नाही. बहुतेक प्रवासी कॅनडाचे नागरिक, परंतु भारतीय वंशाचे होते. उन्हाळ्याच्या सुटीत आजी-आजोबांना भेटण्यास निघालेली मुले त्यांत पुष्कळ होती. कित्येक घरांतून पत्नी आणि मुले एकदमच गेली व मागे एकटा कर्ता पुरुष उरला.

समुद्रातून १३१ देह हाती लागले. ते कॉर्क शहरातील रुग्णालयात आणण्यात आले. उरलेले १९८ जण सागरानेच ठेवून घेतले. देह न मिळाल्यास काय करावे, याचा विचार आपल्या शास्त्रकारांनी केलेला आहे. पळसाच्या ३६० देठांची मनुष्याकृती करून तिला अग्नी द्यावा, असा पालाशविधी सांगितला आहे. समुद्राशी जन्माचे नाते असलेल्या आपल्या कोकणपट्टीत हा विधी ठाऊक नसलेली घरे थोडीच. विधीने कर्तव्य पुरे होते. तथापि आईच्या डोळ्यांना बघण्यासाठी एखादी जागा हवी असते. माझे माणूस येथे गेले, असे म्हणून क्षणभर उभे राहता येईल एवढी तरी.

ती जागा आहाकिस्ताने दिली. अपघाताच्या पहिल्या वर्षदिनी, २३ जून १९८६ रोजी, डनमॅनस आखाताच्या काठी तेथे स्मारकाचे अनावरण झाले. केन थॉम्प्सन या कॉर्कच्या शिल्पकाराने घडविलेले एक सूर्यघटिकायंत्र, मृतांची नावे कोरलेली दगडी भिंत, भोवती लहानशी बाग आणि समोर अथांग पाणी. याहून तेथे अधिक काही नाही. दरवर्षी त्याच तारखेस कॅनडातून व भारतातून आप्तजन तेथे जमतात. सकाळी सव्वाआठच्या सुमारास, म्हणजे विमान नाहीसे झाले त्या वेळेस, सारे स्तब्ध उभे राहतात. नंतर नावांपाशी फुले वाहिली जातात. मृतांनी ज्यांचे मुखही पाहिले नाही, अशी पुढील पिढीतील मुलेही आता वडीलधाऱ्यांचा हात धरून येतात.

न्यायालयीन कामकाजाचा इतिहास मी थोडक्यातच सांगतो. २००५ साली कॅनडातील खटल्यात दोघे आरोपी निर्दोष सुटले. या कटासंबंधी शिक्षा झाली ती एकाच इसमास. न्यायमूर्ती जॉन मेजर यांच्या चौकशी आयोगाने २०१० साली कॅनडाच्या सरकारी यंत्रणांच्या चुकांवर बोट ठेवले व त्या वर्षी तेथील पंतप्रधानांनी कुटुंबीयांची क्षमा मागितली. पंचवीस वर्षे लोटली होती.

परंतु आयर्लंडमधील त्या लोकांनी पंचवीस दिवसही वाट पाहिली नाही. १९८५ च्या त्या आठवड्यात शोकाकुल नातेवाईक कॉर्कला उतरले, तेव्हा परिचारिका, पोलीस व सामान्य गृहस्थ यांनी त्यांना आपले मानले. घरांची दारे उघडली. धर्म निराळा, भाषा निराळी, पूर्वीची ओळख नाही. या किनाऱ्याला सागराने हिरावलेल्यांचे दुःख नवे नव्हते. १९१५ साली ‘लुसितानिया’ जहाज याच कॉर्क परगण्याच्या किनाऱ्यानजीक बुडविण्यात येऊन सुमारे १,२०० माणसे प्राणांस मुकली. त्यांतील अनेकांना कोव्ह येथील दफनभूमीत तेथील लोकांनीच मूठमाती दिली.

गोवा-लिस्बन मार्गावर बुडालेल्या गलबतांच्या करुण हकिगती बेर्नार्दु गोमिश द ब्रितु याने १७३५-३६ मध्ये लिस्बन येथे ग्रंथरूपाने छापल्या. लिसेवमध्ये शिकलेल्यांस तो ग्रंथ अपरिचित नसेल. त्या हतभाग्यांच्या आप्तांना, आपला माणूस गेला तो किनारा पाहण्याची सोय नव्हती. आज विमानामुळे ती सोय झाली. परंतु तेथे पोहोचल्यावर कोणी ‘या, बसा’ म्हणणारा नसेल, तर अशी यात्रा अर्धीच राहते.

महाजनहो, तर्पण करताना आपण पितरांना पाणी देतो आणि अखेरीस ज्यांना कोणी नाही, त्या अबांधवांनाही एक ओंजळ देतो. आहाकिस्ताचे ग्रामस्थ संस्कृत जाणत नाहीत, तरी ती ओंजळ त्यांनी चाळीस वर्षे अखंड दिली आहे. आपण ती सभामंडपात देतो. तिच्या बाहेर कितीशी देतो?

आपली मुले आज पोर्तुगाल, इंग्लंड, कॅनडा, आखाती देश अशी चहूकडे पांगली आहेत. आईबापांच्या दिवसांसाठी ती धावत येतात, तेव्हा कित्येकांची जुनी घरे बंद असतात. तसेच पर्यटनास आलेला एखादा परका तरुण गोव्यात मृत्यू पावतो आणि त्याचे आईबाप भाषा न जाणता रुग्णालयाच्या पायरीवर बसून राहतात. आपल्या अग्रशाळेच्या खोल्या महाजन व कुळावी यांच्यासाठी आहेत, हा नियम मी जाणतो. पूर्वजांनी तो विचारपूर्वकच केला. तथापि त्यांतील दोन खोल्या अशा शोकाकुल मंडळींसाठी, ज्ञाती वा धर्म न विचारता, राखून ठेवाव्यात, आणि त्यांच्यासोबत कचेरीत व स्मशानात जाण्यास आपल्यातील दोघांनी पाळीपाळीने तयार असावे, अशी विनंती मी समितीपुढे ठेवतो. खर्च फारसा नाही. कारकुनी अनुभवाच्या बळावर, कागदपत्रांच्या कामी मी माझे नाव प्रथम देतो.

दुसऱ्याच्या मृतास आपल्या दारी जागा देण्याची बुद्धी श्रींनी आपणा सर्वांस द्यावी, एवढी प्रार्थना करतो.