कोकणातले वादळ आणि आपली पेरणी
(बेलापूर येथील जिल्हा मेळाव्यातील भाषण)



बेलापूर नावाची गावे दोन. एक मुंबईच्या खाडीकाठचे, दुसरे हे आपले प्रवरेकाठचे. किनारपट्टीला चक्रीवादळाचा इशारा आला, की आपण म्हणतो, त्या बेलापूरचे लोक बघतील. आपण घाटावरचे, आपल्याला त्याचे काय? नेवासा, शेवगाव, पाथर्डीकडून आलेल्या कोरडवाहू शेतकऱ्यांना आम्ही आज एवढेच सांगणार आहोत, की तो इशारा आपल्यालाही आहे. कोकणात वादळ घराचे छप्पर नेते, आपल्याकडे ते बियाणे नेते.

समुद्राचे पाणी साधारण साडेसव्वीस अंशांच्या वर तापले, की वादळाला बळ मिळते. अरबी समुद्रात वादळांच्या वेळा दोन. एक मे-जूनमध्ये, पावसाळ्याच्या तोंडावर. दुसरी ऑक्टोबर ते डिसेंबर, पावसाळा सरल्यावर. आता आपले पंचांग काढा. पहिली वेळ कापसाच्या लागवडीची, दुसरी कापूस वेचणीची आणि रब्बी ज्वारीची. हा समुद्र गेल्या काही दशकांत तापत चालला आहे आणि त्यातली वादळे जोर धरत आहेत, असे पुण्याचे हवामानशास्त्रज्ञच सांगतात.

तीन वर्षे आठवून पाहा. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळ अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर आले आणि घाट ओलांडून नाशिककडे जाता जाता विरले. घाटावरही पाऊस झाला. त्या वर्षी मोसमी पाऊस ११ जूनला राज्यात आला, म्हणून निभावले. २०२३ साली ‘बिपरजॉय’ आपल्या किनाऱ्यावर आलेच नाही. समुद्रातूनच वर सरकले आणि १५ जूनला गुजरातेत जखाऊ बंदराजवळ धडकले. पण ११ जूनला दक्षिण कोकणात पोचलेला मोसमी पाऊस तिथेच अडला, तो मुंबईत यायला २५ जून उजाडला. २०२५ साली तर २४ मे रोजीच रत्नागिरी-दापोलीच्या बाजूला कमी दाबाचा पट्टा किनाऱ्यावर आला. २६ मे रोजी मोसमी पाऊस मुंबईत होता. सगळीकडे आनंद झाला. आणि मेअखेरीस जी वाटचाल थांबली, ती जूनच्या मध्यापर्यंत पुढे सरकली नाही.

एक वादळ पाऊस घेऊन आले, एकाने पाऊस अडवून धरला, आणि एकदा पाऊस लवकर येऊन मध्येच थांबला. शेतकऱ्याने काय समजायचे? समजायचे हे, की वादळाचा पाऊस म्हणजे पावसाळा नव्हे.

ही गोष्ट आम्ही पुस्तकात शिकलो नाही. आम्ही शेतकीचे पदवीधर. तरुणपणी एका वर्षी जूनच्या सुरुवातीला दोन दिवस पावसाने झोडपले. एका शेतकऱ्याने विचारले, “साहेब, सरकी लावू का?” आम्ही म्हणालो, लावा. समुद्रात काय चालले आहे, हे आम्ही पाहिलेसुद्धा नव्हते. पुढे तीन आठवडे आभाळ कोरडे. त्याने घरधनिणीचे डोरले गहाण टाकून दुसऱ्यांदा बियाणे आणले. सल्ला आमचा आणि डोरले तिचे! त्या दिवसापासून आम्ही ‘लावा’ हा शब्द जपून वापरतो.

मग करायचे काय? पहिले, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय कोरडवाहू पेरणीला हात घालू नका. दुसरे, खुरपे घ्या आणि रानात चार ठिकाणी उकरून पाहा. वीतभर खोल ओल गेली नसेल, तर वरचा चिखल फसवा आहे. तिसरे, वादळाचा पाऊस झाला की पुढच्या आठवड्याचा अंदाज ऐका, मगच बियाण्याची पिशवी फोडा. मेमधल्या पावसावर कापूस लावाल, तर गुलाबी बोंडअळीलाही लवकर आसरा मिळेल.

सुगीतही हेच. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात ‘क्यार’ आणि ‘महा’ ही वादळे पाठोपाठ समुद्रात उठली. त्या अवकाळीत उमललेली बोंडे भिजली, खरिपाच्या ज्वारीचे दाणे काळे पडले. कापूस महामंडळ पूर्ण भाव देते ८ टक्के ओलाव्याला. त्यापुढे कपात, आणि १२ टक्क्यांवर कापूस घेतच नाही. म्हणून इशारा कानावर आला, की उमललेला कापूस वेचून छपराखाली आणा. भिजलेला वेगळा ठेवा, वाळल्याशिवाय कोरड्यात मिसळू नका. ज्वारी पेरायची राहिली असेल, तर वाफसा येईपर्यंत थांबा. पेरल्यावर जोराच्या पावसाने जमिनीवर पापडी धरली, तर कोंब वर येत नाही.

सरकारकडे आपले मागणे दोनच. वादळाच्या प्रत्येक इशाऱ्यात घाटावरच्या शेतकऱ्यासाठी एक ओळ असावी: हा पाऊस टिकणारा आहे की नाही, आणि पुढे उघडीप आहे का. दुसरे, गावोगाव पर्जन्यमापक हवा आणि रोजचा आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर हवा. शेजारच्या गावात पडलेल्या पावसाने आपले रान भिजत नाही.

मागणी मान्य होईल तेव्हा होईल. तोवर सरळ उभ्या भिंतीचा एक डबा उघड्यावर ठेवा, रोज सकाळी पट्टीने पाणी मोजा आणि वहीत लिहा. पुढच्या मेळाव्याला येताना ती वही सोबत आणा. आम्हीही आमची आणू.